ठिपका लाजत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कार्यालयाचे माजी प्रमुख आणि आम्हा सगळ्यांचे कायमचे ‘साहेब’. प्रमुख पाहुण्या, हवाई रुग्णसेवेच्या ज्येष्ठ वैमानिक मॅडम. पुष्पगुच्छ मांडीवर ठेवावा की टेबलावर या विवंचनेत बसलेल्या आमच्या आजच्या सत्कारमूर्ती, ताई. पहिल्या रांगेतले भावोजी आणि ताईंची लेक. आणि पाळीपाळीने सभागृहात येऊन बसणाऱ्या माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार. पाळीपाळीने अशासाठी, की वरच्या नियंत्रण कक्षातल्या खुर्च्या आत्ता या क्षणीही रिकाम्या ठेवता येत नाहीत. तिथे बसलेल्यांनाही नमस्कार. त्यांना भाषण ऐकू जात नाही, म्हणजे आज सगळ्यांत सुखी तेच.

ताईंच्या कामाविषयी बोलावं असं मला सांगण्यात आलं आहे. आता पंचाईत अशी, की ताईंचं काम नेमकं काय हे सांगायला गेलं की माणसं मान डोलावतात आणि हळूच घड्याळाकडे बघतात. भावोजींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता हिला विचारायची सोय राहिली नाही. तुम्ही तरी सांगा, ही दिवसभर करते काय?” हसू नका, भावोजी, तुमचाच प्रश्न आज या सभागृहातल्या निम्म्या पाहुण्यांच्या मनात आहे.

तर आधी तेवढं सांगतो. तुमच्या फोनमध्ये नकाशा असतो, त्यावर एक निळा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे तुम्ही. आकाशातले उपग्रह सारखी आपापली वेळ सांगत असतात, आणि ती वेळ पोचायला किती उशीर लागला यावरून तुमचं यंत्र तुमची जागा काढतं. सगळा खेळ घड्याळांचा. सेकंदाचा अब्जावा भाग जरी चुकला तरी फूटभराची चूक होते. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच दिवशी ताईंनी मला विचारलं, “हा ठिपका बरोबर आहे हे तुला कशावरून कळतं?”

मी म्हणालो, “पडद्यावर दिसतोय की.”

“चुकला असता तर कसा दिसला असता?”

मी विचार केला. चुकला असता तरी असाच दिसला असता. तितकाच निळा, तितकाच ठाम.

ताई म्हणाल्या, “तेच. माणूस चुकला तर निदान अडखळतो, लाजतो, इकडेतिकडे बघतो. ठिपका लाजत नाही. त्याच्या वतीने आपण लाजायचं, आणि तेही काही सेकंदांत. एवढीच आपली नोकरी.”

भावोजी, हेच त्या करत होत्या. ठिपक्यावर किती विश्वास ठेवावा हे विमानाला सांगायचं, आणि विश्वास ठेवण्यासारखा उरला नाही की ताबडतोब ओरडायचं. ओरडतं यंत्र, पण कधी ओरडावं हे माणसं ठरवतात. त्यासाठी आपली तपासणी केंद्रं असतात. काँक्रीटच्या खांबावर पक्की बसवलेली अँटेना, जिला आपण कुठे आहोत हे तंतोतंत ठाऊक असतं. ती उपग्रहांचं म्हणणं ऐकते आणि स्वतःच्या जागेशी ताडून बघते. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की इशारा. ऐकायला किती सोपं आहे, नाही?

आता मी तुम्हाला त्या डोंगराजवळच्या विमानतळाची गोष्ट सांगतो. अध्यक्ष महोदय मला आवरतील अशी भीती आहे, कारण गोष्टीत ते स्वतः आहेत. पण कालच मी त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, “सांग. फक्त मी त्या वेळी बारीक होतो हे आवर्जून सांग.” सांगितलं, साहेब.

त्या गावात मोठं रुग्णालय आहे, आणि धावपट्टीच्या एका बाजूला डोंगराची सोंड उतरलेली आहे. ढग खाली आले की सोंड दिसेनाशी होते. म्हणून तिथे आपली यंत्रणा बसवली, की ढगातूनसुद्धा विमानाला नेमक्या वाटेने उतरता यावं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एके दिवशी दुपारी इशारा आला. तपासलं, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. थोडा वेळ ओरडायचं आणि गप्प व्हायचं. विमानं घिरट्या घालायची, वैमानिक वैतागायचे.

असे बरेच दिवस गेल्यावर ताईंना एका वैमानिक बाईंचा फोन आला. त्या आज आपल्या प्रमुख पाहुण्या आहेत. तेव्हा त्यांचा आवाज आजच्यापेक्षा बराच वरच्या पट्टीत होता. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमचं यंत्र रोज दुपारी रडतं. तुम्हाला एक सांगून ठेवते, आता आमच्यातले बरेच जण त्याच्याकडे लक्ष देईनासे झालेत.”

फोन ठेवल्यावर ताईंचा चेहरा मी पाहिला आहे. यंत्र बिघडलं असतं तरी त्या इतक्या घाबरल्या नसत्या. मला म्हणाल्या, “ऐकलंस? आता खरंच काही झालं तर आपण ओरडू, आणि कुणी वळूनसुद्धा बघणार नाही.”

साहेबांनी बैठक बोलावली. साहेबांवर वरून दडपण होतं, विमान कंपन्यांकडून होतं, रुग्णालयाकडून होतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं, हे मी आजही म्हणतो. ते म्हणाले, “मर्यादा थोडी सैल करू. फरक किंचित तर आहे. उगाच ओरडणं थांबेल.”

ताई म्हणाल्या, “साहेब, कशामुळे ओरडतंय हे कळू द्या. मग सैल करा, नाहीतर घट्ट करा.”

“आणि नाहीच कळलं तर?”

“तर नाही कळलं असं लिहून देईन. पण मला आत्ता जे माहीत नाही, ते सैल करून कळणार नाही ना!”

साहेबांनी थोडी मुदत दिली. त्या मुदतीत ताई काय करत होत्या म्हणाल? आम्ही सगळे तारा तपासत होतो, संगणक बदलत होतो. ताई मात्र त्या इशाऱ्यांच्या वेळा बघत बसल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, “तुला काही दिसतंय का बघ. कालच्यापेक्षा आज थोडं लवकर आलं. परवापेक्षा काल थोडं लवकर. आणि रविवारीसुद्धा आलं.”

“मग?”

“माणसांमुळे होत असतं तर रविवारी सुट्टी घेतली असती. कुणाच्या कारखान्याचं यंत्र, कुणाचा ट्रक, सगळे घड्याळाप्रमाणे चालतात. घड्याळाच्या थोडं थोडं पुढे सरकत जाणारं काय असतं?”

त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं, वर. उपग्रह आकाशातल्या त्याच जागी रोज सुमारे चार मिनिटं आधी येतात. म्हणजे एखादा उपग्रह आकाशात ठरावीक ठिकाणी आला, की आपली अँटेना फसते. फसवणारी वस्तू मात्र जमिनीवर आहे आणि जागची हलत नाही. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते, की जणू कुणी त्यांना बक्षीस दिलंय. विमानं घिरट्या घालत होती, साहेब संतापले होते, आणि या बाईंना कोडं आवडलं होतं! मला त्या दिवशी प्रथमच या नोकरीचा हेवा वाटला, आणि मग आठवलं की ती माझीही नोकरी आहे.

आम्ही दोघं बसने त्या गावी गेलो. केंद्र एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर होतं. ताई अँटेनाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि उपग्रह ज्या दिशेला येणार होता तिकडे पाठ करून समोर बघू लागल्या. रस्त्यापलीकडे दुमजली घर होतं. घराच्या गच्चीवर पाण्याची नवीकोरी स्टीलची टाकी. ऊन पडल्यावर अशी चकाकत होती, की डोळ्यांवर हात धरावा लागला.

ताई हळूच म्हणाल्या, “आरसा.”

उपग्रहाचा संदेश अँटेनाला थेट यायचा, आणि टाकीवर आपटून, वळसा घालूनही यायचा. वळसा घालून येणारा साहजिकच उशिरा पोचायचा. अँटेनाला वाटायचं, उपग्रहाचंच काहीतरी बिनसलं आहे. निदान ताईंचा तर्क असा होता. पण तर्कावर थांबतील तर त्या ताई कसल्या? आम्ही रस्ता ओलांडून घराची बेल वाजवली. दार एका शिवणकाम करणाऱ्या काकूंनी उघडलं, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या. ताईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. काकूंनी टाचण्या काढल्या.

“म्हणजे माझ्या टाकीमुळे विमान पडेल?”

“नाही हो काकू. तुमच्या टाकीमुळे विमान उगाच घाबरतंय, असं मला वाटतं.”

“वाटतं म्हणजे? नक्की नाही?”

“नक्की नाही. म्हणून तर आलेय. एक दुपार टाकी झाकू द्याल?”

काकूंनी जरा विचार केला. “झाका. पण टाकी हलवायची नाही. मोठ्या मुश्किलीने वर चढवलीय. आणि पाण्याला वास यायला नको.”

आम्ही प्रयोगशाळेतून जाडजूड काळा फोम आणला. तो अशा लहरी गिळतो. टाकीला चहूबाजूंनी गुंडाळला, आणि काकू, ताई आणि मी, तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. माझ्या मांडीवर संगणक. ठरलेली वेळ आली. इशारा आला नाही. वेळ टळून गेली, तरी नाही. मी उडी मारणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, “थांब. आता उद्या फोम काढून बघू. परत ओरडलं, तरच टाकी.”

दुसऱ्या दिवशी ओरडलं. काकूंना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. “बघा, माझीच टाकी!” असं त्या शेजारणीला अभिमानाने सांगत होत्या.

आता अँटेना गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवायची होती. त्यासाठी नवा खांब, नवी मोजणी, मंजुऱ्या, सगळं आलं. तोवर काय करायचं? फोम वाऱ्यापावसात टिकणारा नव्हता. साहेब पुन्हा म्हणाले, “कारण कळलं ना? मग आता तरी मर्यादा सैल करा.” ताईंनी तेव्हा जे केलं, ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी वैमानिक मॅडमना स्वतः फोन लावला. मी शेजारीच होतो.

“मॅडम, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. रोजचं रडणं आमचंच होतं. कारण सापडलंय, दुरुस्ती व्हायला थोडे दिवस जातील. तोवर उद्या दुपारी किती ते किती यंत्र फसेल, हे मी आदल्या दिवशी कळवत जाईन. त्या वेळात आमच्या भरवशावर उतरूच नका. पण त्या वेळेबाहेर ओरडलं, तर ते खरं समजा. कृपा करून खरं समजा.”

मग मॅडमनी विचारलं, “टाकी? खरंच पाण्याची टाकी?” आणि पुढचा अर्धा तास त्यांनी ताईंना प्रश्न विचारले. इतके, की शेवटी ताईंना फोन दुसऱ्या कानाला लावावा लागला.

यानंतर काही दिवसांनीच ती सकाळ आली.

ढग पार खाली उतरले होते. मॅडम एका दूरच्या वस्तीवरून रुग्ण घेऊन येत होत्या. फरशी बसवणारा एक कारागीर, पहाडावरून पडलेला. पहाड म्हणजे बांधकामाचा, बांबूचा. डोक्याला मार, शुद्ध नाही, सोबत त्याचा थोरला भाऊ. विमान उतरायच्या वाटेला लागलं, ढगात शिरलं, आणि आमच्याकडे इशारा पेटला. विमानातही तोच. सहवैमानिक म्हणाला, “रोजचंच असेल.” मॅडम म्हणाल्या, “रोजचं दुपारी असतं,” आणि विमान वर घेतलं.

आम्ही इकडे पडद्यावर बघत होतो. या वेळी ओरडणारं केंद्र एकच नव्हतं. दूरदूरची केंद्रंसुद्धा एकाच उपग्रहाविषयी तक्रार करत होती. त्याचं घड्याळ खरोखरच घसरायला लागलं होतं.

विमान सपाटीवरच्या दुसऱ्या विमानतळावर गेलं. तिथे जुन्या रेडिओच्या पद्धतीने उतरता येत होतं. मग तिथून रुग्णवाहिकेने घाट चढून रुग्णालय. फार वेळ गेला. त्या माणसाचा जीव वाचला, पण डाव्या पायात पहिल्यासारखी ताकद आली नाही. उशिरामुळे की मुळातल्या मारामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

काही आठवड्यांनी त्याचा भाऊ आमच्या कार्यालयात आला. दारातच म्हणाला, “रुग्णालयाच्या इतक्या जवळ आलो होतो. विमान कुणी परत फिरवलं?” ताई उठल्या. “बसा. माझ्या यंत्रणेने फिरवलं.”

त्यांनी त्याला पाणी दिलं, आणि पडद्यावर ती सकाळ पुन्हा चालवून दाखवली. एक ठिपका, यंत्राला वाटत होतं ती जागा. दुसरा ठिपका, विमान खरं होतं ती जागा. सुरुवातीला दोन्ही एकावर एक. मग भराभर वेगळे व्हायला लागले. विमान त्यापुढे खाली आलंच नाही, पण आलं असतं तर दोन्ही ठिपके कुठे असते, हेही त्यांनी मांडून दाखवलं.

भावाने विचारलं, “हा पहिला कुठे आहे?”

“बरोबर धावपट्टीच्या वाटेवर.”

“आणि दुसरा?”

“डोंगराच्या सोंडेकडे.”

तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, “म्हणजे आम्ही आदळलो असतो?”

कुणीही ‘हो’ म्हणून मोकळं झालं असतं. माझ्या तर तोंडावर आलं होतं. ताई म्हणाल्या, “कदाचित. कदाचित शेवटच्या क्षणी ढगाखाली जमीन दिसली असती, वैमानिकाने सावरलं असतं, आणि तुमचा भाऊ लवकर पोचला असता. मला नक्की सांगता येत नाही.”

“नक्की नव्हतं, तर मग फिरवलं कशाला?”

“नक्की नव्हतं म्हणूनच.”

तो रडला. जाताना त्याने एवढंच विचारलं, “तो उपग्रह अजून आहे का वर?” ताई म्हणाल्या, “आहे. पण आता त्याचं कुणी ऐकत नाही.”

इथे गोष्ट संपली असती तर मी ती ताईंचं कौतुक म्हणून सांगून खाली बसलो असतो. पण ताई तिथे थांबल्या नाहीत. त्यांना प्रश्न पडला, की साहेबांचं ऐकून मर्यादा सैल केली असती, तर त्या सकाळी काय झालं असतं? सगळ्यांना उत्तर माहीत होतं. सगळे म्हणत होते, ताई होत्या म्हणून वाचलो. ताईंनी ती सकाळ सैल मर्यादेने पुन्हा चालवली. इशारा आला. क्षणभर उशिरा, पण वेळेत आला!

म्हणजे साहेबांची मर्यादाही चालली असती. ताईंनी दोनदा तपासलं, मला तपासायला लावलं, आणि तो निकाल हातात घेऊन सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. म्हणाल्या, “साहेब, घड्याळ इतक्या जोरात घसरलं, की तुमच्या मर्यादेतही ते पकडलं गेलं असतं. हळू घसरलं असतं तर काय, ते मला अजून माहीत नाही. पण त्या सकाळचं श्रेय माझ्या मर्यादेला देऊ नका.”

साहेब, त्यानंतर तुम्ही बाहेर येऊन आम्हाला जे म्हणालात ते मी अजून विसरलो नाही. “मी जिंकलो की हरलो तेच मला कळत नाहीये.” मग तुम्ही मर्यादा होती तशीच ठेवलीत, आणि हळू घसरणाऱ्या घड्याळांचा अभ्यास ताईंकडे सोपवलात. तो अभ्यास पुढे सगळीकडे कामी आला, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्या सकाळी विमान कशामुळे वर गेलं? माझं मत विचाराल तर, यंत्र आधीही ओरडतच होतं. त्या सकाळी एका बाईंनी त्यावर विश्वास ठेवला, कारण दुसऱ्या बाईंनी त्यांना आदल्या आठवड्यात फोन करून आपली चूक सांगितली होती.

मी फार लांबलो. अध्यक्ष महोदयांनी दोनदा चष्मा पुसला आहे. आता एकच सांगतो.

परवा ताईंनी त्यांचं काम माझ्याकडे सोपवलं. मला वाटलं, काही उपदेश करतील. त्यांनी एक आलेख उघडला. समुद्राकाठच्या आपल्या केंद्रात, अधूनमधून, अगदी बारीक थरथर दिसते. मर्यादेच्या कितीतरी आत. कुणी लक्षही देणार नाही इतकी. ताई म्हणाल्या, “हे काय आहे ते मला कळलेलं नाही. भरतीओहोटी असेल म्हणून बघितलं, नाही. वारा असेल म्हणून बघितलं, नाही. बरीच वर्षं बघतेय.” मी म्हणालो, “ताई, तुम्हाला नाही कळलं तर मला काय कळणार?” त्या चक्क रागावल्या. “मला कळलं नाही हे काही कारण होत नाही. आणि हे बघ, भरती नाही, वारा नाही, हेही मी म्हणतेय म्हणून धरून चालू नकोस. तू पहिल्यापासून बघ.”

मी आज सकाळी पहिल्यापासून बघायला बसलो. समारंभाला उशिरा आलो तो त्यामुळेच. ताई, भरतीचं तुमचं बरोबर आहे असं दिसतंय. वाऱ्याचं मात्र मला नक्की वाटत नाही. तुम्ही वाऱ्याचा वेग बघितलात, दिशा बघितली होती का? ... ताई मान हलवताहेत. बघितली नव्हती! अहो, बसा, बसा, आधी सत्कार तर होऊ द्या!

संयोजकांनी मला बोलायला दिलं, साहेबांनी बोलू दिलं, मॅडम इतक्या लांबून आल्या, आणि भावोजींनी इतकी वर्षं आमच्या वेळीअवेळी येणाऱ्या फोनकडे काणाडोळा केला, या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कुठे अतिशयोक्ती झाली असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने माफ करावं. ताई, तुम्ही मात्र माफ करू नका. कुठे चुकलं ते चहाच्या वेळी सांगा, आणि येताना त्या वाऱ्याच्या दिशेची नोंद कुठे मिळेल तेही सांगा. नमस्कार.